भुशाचं रजिस्टर नव्हतं

संस्थेला साठ वर्षं झाली म्हणून तिच्या इतिहासाचं पुस्तक निघालं. त्यात माझ्या आत्याचा पानभर फोटो आहे. डोक्याला फडकं, हातात पिंजरा, आणि खाली ओळ : ‘प्राण्यांची मावशी’. कागद गुळगुळीत आणि पुस्तक वजनाला असं की आत्याने ते मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “हे कुणी डोक्यात घातलं तर माणूस जागचा उठायचा नाही.” आम्ही दोघी हसलो. मग तिने पान उलटलं, चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, आणि पुस्तक माझ्याकडे देऊन आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

त्या पानावर काय होतं ते सांगते. पण आधी आत्या कोण ते सांगायला हवं, कारण पुस्तकात छापलेली बाई मी कधी पाहिलेली नाही.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी संस्थेच्या प्राणीघरात लागली आणि अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून मी आणि बाबा तिच्याच क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, मागे नळ, आणि खिडकीतून दिसणारी प्राणीघराची लांबच लांब कौलारू इमारत. संस्थेत झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला मावशी म्हणायचे. पण दिवाणखान्यात बसा म्हणायची वेळ आली की त्यातला एकही भाचा सापडत नसे.

संस्थेचा खरा इतिहास पाहायचा तर तो आत्याच्या हातांवर आहे. डावा अंगठा वाकडा आहे, तो घोड्यांच्या काळातला. तेव्हा संस्था विषावरचं औषध बनवायची. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि मग त्याच्या मानेतून बादलीभर रक्त काढायचं. एका म्हाताऱ्या घोडीने मान झटकली आणि आत्याचा अंगठा दावणीत अडकला. मनगटापासून कोपरापर्यंतच्या पांढऱ्या रेघा सशांच्या. ससा चावत नाही, मागच्या पायांनी फाडतो. कोपराजवळ मांस नाही तिथे माकड आहे. माकडांचा काळ सहा वर्षं चालला आणि त्याबद्दल आत्या कधीच बोलली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, “ती माणसासारखी बघायची, बाकी काही नाही.” बोटांच्या टोकांवरचे बारीक ठिपके पांढऱ्या उंदरांचे, ते मोजण्यापलीकडे आहेत. शेवटची दहा वर्षं हातमोजे आले. त्या वर्षांची खूण हातावर नाही.

प्राणीघरात ‘मारणे’ हा शब्द नव्हता. ‘काढणे’ म्हणत. “मावशी, उद्या चाळीस काढायचेत.” “मावशी, तीन नंबरची खोली सगळी काढली.” मी इतकी या शब्दाच्या सावलीत वाढले की लहानपणी कुणी नुसतं ‘दात काढायचा आहे’ म्हटलं तरी मला रडू फुटायचं. आत्या काढायचे प्राणी स्वतः काढायची, दुसऱ्या कुणावर ढकलायची नाही. “माझ्या हाताला ओळखतात. घाबरायचे तरी नाहीत,” म्हणायची. हे दयेचं बोलणं आहे की भयंकर, ते मला आजही ठरवता येत नाही. त्या दिवशी ती घरी आली की हात तीनदा धुवायची आणि माझ्या केसांना तेल लावायला बसायची. मी मान आखडून बसत असे, हे तिला कळत होतं.

प्राणीघरात प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर होतं. खाद्याचं, पाण्याचं, जन्माचं, मरणाचं, खोलीच्या तापमानाचं, कोण आत गेलं आणि कधी बाहेर आलं त्याचं. उंदीर ओळखायचे कानाच्या खाचांवरून : डाव्या कानाला एक खाच म्हणजे अमुक, उजव्याला दोन म्हणजे तमुक. आत्याला सातवीपर्यंतचं शिक्षण, पण अक्षर असं की इतर खोल्यांची रजिस्टरंही तिच्याकडेच लिहायला येत. एका गोष्टीचं रजिस्टर मात्र नव्हतं. पिंजऱ्यात अंथरायच्या भुशाचं. भुसा काय, भुसाच. त्याची कोण नोंद ठेवतो!

सव्वीस वर्षांपूर्वी, मी बारा वर्षांची असताना, संस्थेत एक तरुण संशोधक बाई आली. गळ्यात सतत थांबघड्याळ लटकवलेलं असायचं म्हणून प्राणीघराने तिचं नाव घड्याळवाली ठेवलं. शस्त्रक्रियेआधी माणसाला झोपवायचं एक नवं औषध तिने शोधलं होतं आणि ते उंदरांवर तपासायचं होतं. पद्धत साधी. उंदराला पोटात सुई द्यायची, तो झोपला की पाठीवर निजवायचा आणि घड्याळ चालू करायचं. शुद्धीवर येऊन तो आपण होऊन पालथा झाला की घड्याळ थांबवायचं. जितकी मिनिटं मध्ये गेली तितकी झोप.

एका माणसाने एका वेळी दहा उंदरांवर नजर ठेवायची म्हणजे डोळे फिरतात. आत्या शेजारच्या पिंजऱ्यांचं पाणी बदलत असायची. एके दिवशी घड्याळवालीने तिला दुसरं घड्याळ दिलं आणि म्हणाली, “मावशी, एवढे पाच बघता का? तुमच्याइतकं बारीक लक्ष माझंसुद्धा नसतं.” नियमात हे बसत नव्हतं. प्रयोग चालू असताना सांभाळणाऱ्या माणसाने खोलीत थांबायचंच नाही, दोन वाजता बाहेर पडून सही करायची, असा नियम. आत्या सही करायची आणि मागच्या दाराने परत आत यायची. एकोणीस वर्षांत तिला कुणी झाडू आणि बादलीशिवाय काही हातात दिलं नव्हतं. तीन महिने ती जी चालायची, ते पाहण्यासारखं होतं. घरी आली की बाबांना सांगायची, “आज चव्वेचाळीस मिनिटं झोपला एक. लबाड नुसता.”

बाबा सुतार होते. धूळ छातीत जाऊन जाऊन त्यांचा दम लागायला लागला होता, त्यामुळे जड काम सुटलं होतं आणि ते फक्त कपड्यांच्या पेट्या बनवत. एका सुवासिक तांबूस लाकडाच्या, त्या लाकडाने कपड्यांना कसर लागत नाही म्हणून. आमचं घर खरं तर आत्याच्या नोकरीवर उभं होतं, आणि क्वार्टरही नोकरीसोबतच मिळालेली. नोकरी गेली असती तर आम्ही तिघं बाबांच्या त्या पत्र्याच्या कारखान्यात पेट्यांच्या शेजारी झोपलो असतो.

चौथ्या महिन्यात ठेकेदाराकडून आलेली भुशाची पोती आतून कुजकी निघाली. उघडली तर वाफ आली आणि बुरशीचा वास. आत्याने भांडारात जाऊन सांगितलं.

भांडारवाला म्हणाला, “पुढची गाडी येईपर्यंत आहे त्यावर भागवा.”

“कधी येईल पुढची?”

“येईल तेव्हा येईल. उंदरांना गाद्या हव्यात का आता?”

चार दिवस तिने भागवलं. ओल्या भुशावर पिल्लं गारठून मरायला लागली. सकाळी एकेका पिंजऱ्यात सहा-सात, बोटाच्या पेराएवढी, निळी पडलेली. शेकड्याने प्राणी काढणारी ही बाई त्या पिल्लांसाठी घरी येऊन जेवेना. माझी आत्या अशीच होती, हिशेबात न बसणारी. पाचव्या दिवशी तिने बाबांना सांगितलं, आणि बाबांनी रंध्याखालून निघालेली सालपटं दोन पोती भरून सायकलवरून मागच्या दाराशी आणून दिली. कोरडी, मऊ, तांबूस. सगळी खोली लाकडाच्या वासाने भरून गेली. पिल्लं मरायची थांबली. घड्याळवाली आत आली, मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, “मावशी, आज अत्तर शिंपडलंत की काय!”

बाहेरची वस्तू प्राणीघरात आणायला बंदी होती. महिन्यापूर्वीच एका माणसाला सशांना घरचा पाव घातला म्हणून कामावरून काढलं होतं. म्हणून आत्याने कुणाला काही सांगितलं नाही. ठेकेदाराचं भांडण चार महिने मिटलं नाही, आणि चार महिने बाबांची पोती मागच्या दाराने येत राहिली.

त्याच चार महिन्यांत घड्याळवालीचे उंदीर लवकर उठायला लागले.

आधी चाळीस, बेचाळीस मिनिटं झोपणारे उंदीर वीस मिनिटांत पालथे व्हायचे. तेच औषध, तेवढंच प्रमाण, तीच खोली. तिने औषध नव्याने बनवलं, सुया बदलल्या, पाणी तपासलं, खाद्याचं पोतं बदलून घेतलं. डोळ्यांखाली काळं आलं. पहिल्या तीन महिन्यांचे आकडे तिने केव्हाच छापायला पाठवले होते आणि त्यावर तिचं नावही झालं होतं. मोठ्या साहेबांनी परदेशच्या पाहुण्यांसमोर ते मिरवलेसुद्धा होते. आता तेच आकडे पुन्हा येईनात. शेवटी साहेबांनी समिती बसवली आणि तिला समितीसमोर प्रयोग करून दाखवायला सांगितलं. दहा उंदीर, दहाही वीस मिनिटांच्या आत उठले.

ती म्हणाली, “सर, माझ्या औषधाचेच नाही, जुन्या औषधाचे उंदीरही लवकर उठतायत. सगळेच. काहीतरी बदललंय, मला सापडत नाहीये.”

साहेब म्हणाले, “काही बदललेलं नाही. सगळ्या नोंदी आम्ही पाहिल्या.”

खरंच होतं त्यांचं. नोंदी सगळ्या होत्या. भुशाचं रजिस्टर नव्हतं.

मग ती म्हणाली की पहिले आकडे मी एकटीने घेतलेले नाहीत, मावशी शेजारी बसून अर्धे उंदीर बघत होत्या, त्यांना विचारा. आत्याला बोलावणं गेलं. ती हात पुसत समितीच्या खोलीत जाऊन उभी राहिली. खुर्ची कुणी दिली नाही. समोर पाच साहेब, बाजूला घड्याळवाली. साहेबांनी विचारलं, “मावशी, या बाई म्हणतात तुम्ही प्रयोगाच्या वेळी खोलीत होता, घड्याळ बघत होता. खरं का?”

आणि माझी आत्या, जिला पंधरा पिंजऱ्यांतला कुठला उंदीर किती झोपला हे तोंडपाठ होतं, ती म्हणाली, “मी झाडलोट करणारी बाई, साहेब. मला घड्याळातलं काय कळतंय?”

रजिस्टर काढलं. दोन वाजता बाहेर पडल्याच्या रोज सह्या, तिच्याच सुरेख अक्षरात. संपला विषय. पहिले आकडे मनाने लिहिले, असा ठपका ठेवून घड्याळवालीला काढलं. छापून आलेला लेख मागे घेतला, आणि त्यानंतर तिला कुठल्याच प्रयोगशाळेने दारात उभं केलं नाही. जाताना ती प्राणीघरात आली नाही. आत्या दिवसभर दाराकडे बघत होती.

हे सगळं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच आठवतं की त्या महिन्यात आत्याने बाबांना सांगितलं, सालपटं आणू नकोस, नवीन पोती आली. आणि बाबा म्हणाले, “बरं झालं, माझाही दम जात होता.”

आत्याला वाटत होतं की आपण फक्त घाबरून खोटं बोललो. उंदीर लवकर का उठत होते, ते तिच्या स्वप्नातही नव्हतं. ते नऊ वर्षांनी कळलं. प्राणीघर नवं झालं, हवा गाळून येणारी यंत्रं बसली, आणि सगळ्या माणसांना दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. शिकवणारा पोरगेला डॉक्टर. त्याने भिंतीवर चित्रं दाखवत सांगितलं की अंथरायला सुवासिक लाकूड चुकूनही वापरायचं नाही. त्या लाकडातला अर्क श्वासातून उंदराच्या अंगात जातो, यकृत दुपटीने काम करायला लागतं, आणि दिलेलं औषध अंगातून लवकर उतरतं. “म्हणजे काय होतं? झोपेचं औषध दिलं तर उंदीर अर्ध्या वेळात उठतो.”

आत्या त्या दिवशी घरी आली ती उंबऱ्यातच बसली. मी एकवीस वर्षांची होते, शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. तिने मला तेव्हा सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. मी म्हटलं, “मग जा ना, सांग त्यांना! आत्ता जा!” ती म्हणाली, “तुझं शेवटचं वर्ष आहे. बाबाला खोकल्याचं औषध चालू आहे. क्वार्टर गेली तर?” मी काय केलं? मी गप्प बसले. हे मला मान्य करायलाच हवं, नाहीतर बाकीचं सांगायचा मला काही अधिकार नाही. मी पुढे तिच्यावर वर्षानुवर्षं चिडले, टाकून बोलले, पण त्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरून मोकळी झाले.

बाबा गेले. आत्या निवृत्त झाली. मला नोकरी होती, क्वार्टर सोडून आम्ही माझ्या घरी आलो. आता भीती कसली, तर कसलीच नाही. पण इतकी वर्षं गिळलेलं एकदम बाहेर येत नाही, माणसाला कुणीतरी विचारावं लागतं. ते विचारायला संस्थेचे इतिहासवाले सर आले. निवृत्त प्राध्यापक, सौम्य, हातात ध्वनिमुद्रणाचं यंत्र. तीन दुपारी ते आमच्याकडे बसले. पहिल्या दिवशी घोडे झाले, दुसऱ्या दिवशी ससे. तिसऱ्या दिवशी आत्याने सकाळपासून केस नीट विंचरले, आणि ते बसल्याबरोबर म्हणाली, “सर, आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. आणि ती एक ओळ तुम्ही पुस्तकात छापायची. त्या बाईंनी आकडे खोटे लिहिले नव्हते. मी शेजारी होते.”

सगळं सांगितलं तिने. भुसा, पोती, बाबांची सायकल, मागचं दार, समितीची खोली. सर मधूनमधून “छान, छान” म्हणत होते. जाताना त्यांनी तिचा हात हातात घेतला. आत्या त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाऊन झोपली, आणि मला वाटलं, सुटली बिचारी.

तर ते पान. फोटोच्या मागचं. त्यावर आत्यावर पाव पान मजकूर होता : ‘पोटच्या लेकरांसारखी त्यांनी मुक्या जिवांची काळजी घेतली. एकदा भुशाचा तुटवडा असताना त्यांनी स्वतःच्या घरून कोरडा भुसा आणून शेकडो पिल्लांचे प्राण वाचवले.’ आणि त्याच पानावर, खाली, ‘शिस्त आणि सचोटी’ या मथळ्याखाली : ‘बनावट आकडेवारीचं एक दुर्दैवी प्रकरण संस्थेने तत्परतेने हाताळलं आणि संबंधित संशोधिकेस सेवेतून दूर केलं.’ साल दोन्हीकडे तेच. लिहिणाऱ्याला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. त्याने एकीतून माया काढून घेतली, दुसरीतून सचोटी, आणि दोन्ही एकाखाली एक छापल्या.

मी सरांना फोन केला. त्यांच्या आवाजात काकुळती होती. “अहो, इतिहास म्हणजे सगळंच छापायचं असं नसतं. वरून आलं तसं मला करावं लागलं. आणि मावशींचा गौरवच झालाय ना?” मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन दिवसांनी आत्या उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, “पत्ता काढ तिचा.”

पत्ता काढायला मला आठवडा लागला. घड्याळवाली याच गावात होती, इतकी वर्षं, बसने चाळीस मिनिटांवर. औषधांच्या एका दुकानात कामाला. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, दारात चपलांचा एकच जोड. दार तिने स्वतः उघडलं. केस सगळे पांढरे, गळ्यात घड्याळ नाही, पण आत्याने तिला लगेच ओळखलं. तिनेही आत्याला ओळखलं, कारण तिचा हात कडीवरच राहिला.

“मावशी?”

“एवढं सांगून जाते. बसत नाही,” आत्या म्हणाली.

आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. समितीसमोर सांगायला हवं होतं तसं, हात पोटाशी धरून. भुशाचं सांगून झालं तेव्हा घड्याळवालीने विचारलं, “तारीख? भुसा कधी बदललात, तारीख आठवते?”

आत्याने तारीख सांगितली. त्या आधीच्या दिवशी किती पिल्लं मेली होती तेही सांगितलं, ते मरणाच्या रजिस्टरमध्ये होतं.

घड्याळवाली आत गेली. कपाटावरून एक पेटी खाली घेतली, पेटीतून वही. कडा पिवळ्या पडलेल्या, पण पानं सरळ. ती खूप वेळ पानं उलटत होती, मग एका पानावर बोट ठेवून थांबली. माझ्याकडे न बघताच तिने आत्याला विचारलं, “घड्याळातलं काय कळतं तुम्हाला?”

तेच वाक्य, सव्वीस वर्षं जपलेलं.

आत्या म्हणाली, “पहिल्या दिवशीचा पहिला, डाव्या कानाला दोन खाचा. एकेचाळीस मिनिटं, वीस सेकंद. दुसरा उजव्या कानाला एक, अडतीस मिनिटं, पाच सेकंद. तिसरा तुम्ही बघत होता. चौथा त्रेचाळीस मिनिटं, कारण तो आधी एकदा अर्धा वळला होता आणि तुम्ही म्हणालात धरू नका.”

घड्याळवाली वहीत बघत होती. बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकत होतं. चौथ्या ओळीवर ते थांबलं, आणि ती खाली जमिनीवरच बसली.

“मला वाटायला लागलं होतं की मीच लिहिले,” ती म्हणाली. “आईसुद्धा मरेपर्यंत म्हणायची, खरं सांग, दडपणाखाली लिहिलेस का? दहाएक वर्षांनी मलाही वाटायला लागलं, असेल. लिहिले असतील. लोक विसरतात ना स्वतः काय केलं ते.”

मग तिने माझ्याकडे बोट केलं. “ही कोण?”

“माझी भाची. तेव्हा बारा वर्षांची होती.”

“हिच्यासाठी गप्प बसलात?”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हो म्हणेल, आणि माझीही सुटका नाही की तिचीही. ती म्हणाली, “नाही. भीतीने. हिचं नाव मी नंतर पुढे केलं.”

घड्याळवालीने वही आणि पेन पुढे सरकवलं. आत्याने त्याच पानाखाली, त्याच सुरेख अक्षरात लिहिलं की हे उंदीर मी पाहिले, हे आकडे खरे आहेत, भुसा मी बदलला, आणि सही केली. आणखी एका कागदावर तेच पुन्हा लिहिलं, तो माझ्याकडे दिला. घड्याळवाली दारापर्यंत आली.

“भुसा तुम्ही कळवळ्याने आणलात, मावशी. त्याचं मला काही नाही. पण त्या खोलीत तुम्ही जे बोललात ते मी माफ करणार नाही.”

“नका करू,” आत्या म्हणाली.

जिने उतरताना तिने माझा हात धरला नाही. बसमध्ये खिडकीशी बसली आणि सगळी चाळीस मिनिटं बाहेर बघत राहिली. त्यानंतर पाचव्या महिन्यात आत्या गेली. संस्थेकडून पत्र आलं, ‘प्राण्यांची मावशी हरपली’ असं त्यात लिहिलं होतं, आणि बरोबर त्या पुस्तकाची आणखी एक प्रत.

आत्याने सही केलेला कागद मी तिच्या हयातीतच संस्थेला पाठवला होता. त्याचं उत्तर तिच्या मागे आलं. त्यात म्हटलं आहे की संबंधित बाईंचं वय आणि इतका काळ लोटल्याने झालेला स्मृतिभ्रंश लक्षात घेता संस्था या निवेदनाची दखल घेऊ शकत नाही. मी शाळेत शिकवते, चूक दिसली की लाल रेघ मारल्याशिवाय माझा हात राहत नाही. त्या पुस्तकावर लाल रेघ मारून काही होत नाही, छापील प्रती सगळीकडे गेल्या आहेत. म्हणून हे लिहिलं. पहिल्या दिवशीचा पहिला उंदीर, डाव्या कानाला दोन खाचा असलेला, एकेचाळीस मिनिटं वीस सेकंद झोपला होता.